बत्तीस हजार माड आणि एक द्राक्षवेल : निर्मळ ते नाशिक

१. नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. त्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून घेतलेला दानलेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात नानंगोल नावाच्या गावातील ३२,००० माडांच्या दानाची नोंद आढळते. दान ज्यांना मिळाले त्यांत शोर्पारग, म्हणजे आजचे सोपारे, येथील रामतीर्थावरची चरक मंडळीही होती. डोंगरावरच्या दगडात समुद्रकाठच्या झाडांचा हिशेब कोरला गेला, तो असा.

२. आज त्याच डोंगराच्या परिसराला देशाची ‘वाइन राजधानी’ म्हणतात. माडांच्या किनाऱ्यावर मात्र, सोपारे-निर्मळ-आगाशीच्या पट्ट्यात, झाडावर चढून रस काढणारा माणूस क्वचितच दिसतो. एका पेयाला पर्यटन, अनुदान आणि प्रतिष्ठा मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला परवाना, पंचनामा आणि बदनामी आली. हा फरक केवळ मातीमुळे किंवा चवीमुळे पडला नाही. तो कसा पडला, हे पाहायचे तर दोन हजार वर्षे मागे जावे लागते.

३. द्राक्षाची वाइन भारताला नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून कापिशायन आणि हारहूरक असे त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. ही नावे प्रदेशांवरून पडली. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. अर्थात द्राक्षमद्य ठाऊक होते, पण ते वायव्येकडचे, दुरून येणारे आणि म्हणून महाग. त्याच अध्यायात मद्य कुठे विकावे, किती द्यावे आणि राजाचा वाटा कोणता, याचेही नियम आहेत. मद्य आणि महसूल यांची सांगड तेव्हापासूनची आहे.

४. पश्चिम किनाऱ्यावर द्राक्षमद्य समुद्रमार्गे आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा सागरी प्रवासग्रंथ बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथील आयात मालाची यादी देतो. त्यात वाइनचा उल्लेख आहे : प्रामुख्याने इटलीची, त्याखेरीज लाओदिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी आणल्या जाणाऱ्या वस्तूंत चांदीची भांडी, गाणारी मुले आणि उंची वस्त्रे यांच्या जोडीला उत्तम वाइनही आहे. भडोचच्या दक्षिणेकडील बाजारपेठा सांगताना हाच ग्रंथ सुप्पारा आणि कल्लिएना, म्हणजे सोपारे आणि कल्याण, यांची नावे घेतो.

५. निर्मळ हे या प्राचीन बंदराच्या परिसरातले गाव. सोपाऱ्याच्या ‘बुरूड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले आणि तेथे बौद्ध स्तूप व अस्थिमंजूषा सापडल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये निर्मळजवळच्या भुईगाव येथे सापडला. सम्राटाला आपली आज्ञा जिथे खोदवावीशी वाटली, ती वस्ती नगण्य नव्हती. खाडी पुढे गाळाने भरत गेली, बंदर मागे पडले आणि त्या जागी वाड्या, तलाव आणि केळीच्या बागा उरल्या.

६. वाइन यायची ती अँफोरा या दोन कानांच्या, निमुळत्या तळाच्या मातीच्या रांजणांतून. मातीतून द्रव पाझरू नये म्हणून आतून राळेचा लेप देत. घारापुरी, नेवासे अशा ठिकाणी या रांजणांची खापरे मिळाली आहेत. पूर्वी सरसकट ‘रोमन’ समजली गेलेली काही खापरे पुढील अभ्यासात मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडील, डांबराचा लेप असलेल्या लांबट रांजणांची ठरली. म्हणजे हा व्यापार एकट्या रोमचा नव्हता. आखातातील व्यापारीही या किनाऱ्यावर माल उतरवीत होते आणि त्यांचा व्यवहार रोमची भरभराट ओसरल्यावरही चालू राहिला.

७. बंदरावर उतरलेला माल घाट चढून देशावर जाई. एक वाट थळघाटातून नाशिककडे जाई, दुसरी नाणेघाटातून जुन्नरकडे. या दोन्ही ठिकाणच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. नाशिकला इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने लेणे कोरवले, तर जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांची दाने नोंदली आहेत. योगायोग असा की, विसाव्या शतकात महाराष्ट्रात आधुनिक वाइन उद्योग उभा राहिला तो याच दोन वाटांच्या माथ्यावर : जुन्नरजवळ नारायणगावला आणि नाशिकला.

८. मग वेल किनाऱ्यावरच का लावली गेली नाही? उत्तर हवेत आहे. वसईच्या पट्ट्यात पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळा सरल्यावरही हवेतील दमटपणा हटत नाही. अशा हवेत द्राक्षवेलीवर केवडा आणि भुरी हे बुरशीजन्य रोग झपाट्याने पसरतात. नाशिक मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असून सह्याद्रीच्या पलीकडे आहे. तेथील हिवाळा कोरडा असतो आणि दिवसाच्या उन्हानंतर रात्री चांगल्या गार होतात. फळात साखर भरायची आणि आंबटपणाही टिकायचा, तर असाच हिवाळा लागतो.

९. किनाऱ्याचे स्वतःचे पेय झाडावर तयार होई. नारळाच्या माडापासून माडी, ताडापासून ताडी आणि शिंदीच्या झाडापासून शिंदी. माडाची न उमललेली पोय दोरीने आवळून बांधायची, ती हलक्या हाताने ठोकायची, टोकाशी धारदार कोयतीने पातळ काप घ्यायचा आणि खाली मडके अडकवायचे. रोज सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून नवा काप घ्यावा लागे. एक दिवस चुकला तर धार आटे. उत्तर कोकणात हे कसब प्रामुख्याने भंडारी समाजाने पिढ्यान्पिढ्या जपले. उंची, वारा आणि पावसाने निसरडा झालेला बुंधा हे या धंद्यातले रोजचे धोके होते.

१०. या रसाचा गुणधर्मच त्याच्या पुढील नशिबाला कारण ठरला. मडक्यात पडताक्षणी हवेतील आणि भांड्यातील यीस्ट कामाला लागते. पहाटेची गोड नीरा दुपारपर्यंत आंबते आणि दुसऱ्या दिवशी आंबट होऊन शिर्क्याकडे वळते. मडक्याला आतून चुना लावला तरच आंबणे लांबते. द्राक्षाची वाइन वर्षातून एकदा होते आणि पिंपात वर्षानुवर्षे टिकते. म्हणून ती साठवता येते, दूर पाठवता येते, तिच्यावर नाव छापता येते. ताडी ज्या गावात निघते त्याच गावात त्याच दिवशी संपवावी लागते. एकीत भांडवल गुंतू शकते, दुसरीत केवळ श्रम.

११. द्राक्षमद्य पुन्हा या किनाऱ्यावर आले ते पोर्तुगीजांबरोबर. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश तहाने पोर्तुगीजांना दिला. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा संघांनी पुढील काळात वसईच्या किल्ल्यात आणि भोवतालच्या गावांत चर्च उभारली. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे मिस्साविधीसाठी लागणारी वाइन द्राक्षाचीच असावी लागते. दुसऱ्या कोणत्याही फळाच्या वा झाडाच्या रसाने ती गरज भागत नाही. ज्या गावांत माडांची दाटी होती, तेथील वेदीवर ठेवायचे पेय हजारो मैलांवरून जहाजाने येऊ लागले.

१२. हा नियम किती काटेकोर होता, हे केरळच्या उदाहरणावरून कळते. तेथील संत थॉमसच्या परंपरेतील ख्रिस्ती समाजात मनुका पाण्यात भिजवून काढलेला रस विधीसाठी वापरला जाई. पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांना हे मान्य नव्हते. १५९९ च्या उदयम्पेरूर धर्मसभेने याविषयी निर्बंध घातले आणि पोर्तुगालहून येणाऱ्या द्राक्षवाइनचा आग्रह धरला. प्रश्न धर्मतत्त्वाचा होता, तरी परिणाम व्यवहारात उतरला : द्राक्षाचा रस ‘शुद्ध’ आणि माडाचा रस ‘स्थानिक’, अशी एक प्रतवारी या किनाऱ्यावर रूढ होत गेली.

१३. वेदीबाहेर मात्र पोर्तुगीजांना माडाचे मोल चांगले ठाऊक होते. मुंबई बेट काही काळ ज्याच्याकडे खंडाने होते तो वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथात माडाचे सविस्तर वर्णन केले आहे. काही माड नारळासाठी आणि काही केवळ ‘सुरे’साठी राखले जात, ती सुरा गाळून मद्य काढले जाई आणि पहिल्या धारेच्या मद्याला ‘फुला’ म्हणत, असे तो सांगतो. नारळ, काथ्या, तेल, गूळ, शिर्का आणि मद्य : एकाच झाडाची ही मिळकत पाहून त्याने त्याची वाखाणणी केली, यात नवल नाही.

१४. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अमलात उजाड झालेल्या निर्मळच्या तीर्थाचा मराठी अमलात जीर्णोद्धार झाला. शंकराचार्यांच्या समाधीमुळे पवित्र मानल्या गेलेल्या या गावी कार्तिक वद्य एकादशीपासून मोठी यात्रा भरते. सत्ता बदलली तरी ख्रिस्ती वस्ती येथेच राहिली. आज निर्मळमध्ये मंदिर आणि चर्च एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एका बाजूला एकादशीचा उपवास, दुसऱ्या बाजूला वेदीवरचा द्राक्षरस, आणि दोन्हींच्या भोवती माड-ताडांच्या वाड्या : या गावाने हे सारे एकत्र नांदवले.

१५. माडांचे भवितव्य खऱ्या अर्थाने बदलले ते एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अबकारी व्यवस्थेने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड छेदणे, रस काढणे, तो गाळणे, बाळगणे आणि विकणे या साऱ्या गोष्टी परवान्याशी बांधल्या. कर दारूच्या माठावर नव्हे, तर थेट झाडावर बसला. छेदायच्या झाडाची नोंद करायची, ठरलेली रक्कम भरायची आणि मगच कोयती लावायची. झाडाने किती रस दिला, पाऊस किती लांबला, याच्याशी कराला देणेघेणे नव्हते. घरच्या वाडीतील झाडाचा रस काढणारा माणूस परवान्याविना आता गुन्हेगार ठरू लागला.

१६. या धोरणामागे साधा हिशेब होता. हजारो झाडांवर, शेकडो गावांत विखुरलेल्या धंद्यावर देखरेख ठेवणे सरकारला महाग पडे. मोठ्या भट्टीतून आलेल्या मद्यावर कर वसूल करणे सोपे. म्हणून घरगुती उत्पादन आवळायचे आणि मोठा मक्तेदार पुढे आणायचा, अशी दिशा ठरली. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही स्वतंत्र कायदा झाला. फुले वेचणे आणि साठवणे यांवर निर्बंध आले. वारली, काथोडी, ठाकूर अशा डोंगरी समाजांसाठी मोह हे अडचणीच्या दिवसांतले अन्नही होते. कायद्याला त्यात फक्त दारू दिसली.

१७. स्वातंत्र्यानंतर दृष्टी बदलली, पण जाळे तेच राहिले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १६ जून १९४९ पासून लागू झाला आणि १९५० मध्ये संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. पूर्वी महसुलासाठी जे परवाने होते, ते आता नीतीसाठी झाले. कायद्याने एक अपवाद मात्र जपला : धार्मिक विधीसाठी लागणारी वाइन. निर्मळच्या वेदीवर द्राक्षरस चालू राहिला. बाहेरच्या ताडावरचे मडके उतरले. रसाला पर्याय म्हणून नीरा विक्रीला उत्तेजन देण्यात आले, पण आंबण्यापूर्वी नीरा शहरात पोचवणे हे सोपे काम नव्हते. साठच्या दशकापासून महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली. कायदा मात्र आजही तोच आहे.

१८. इकडे घाटमाथ्यावर द्राक्ष रुजत होते, पण खाण्यासाठी. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षबाग लावली, तेथून या पट्ट्यातील द्राक्षशेतीची सुरुवात मानली जाते. पुढे थॉमसन सीडलेस आली. तासगावच्या आर्वे कुटुंबाने निवडलेली ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांची ‘सोनाका’ या जाती शेतकऱ्यांनीच घडवल्या. येथील वेलीला थंडीची झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्यांनी तिचे वर्ष शेतकरीच ठरवतो. युरोपात द्राक्षे शरदात उतरतात. नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये.

१९. या कसबाच्या पायावर वाइन उभी राहिली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने नारायणगावला फ्रान्समधील पायपर-हायडसिक या घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात गेली, तेव्हा भारतातही अशी वाइन होते याचे तेथील ग्राहकांना आश्चर्य वाटले. पण देशातली बाजारपेठ चिमुकली होती. वाइन म्हणजे चर्चमधली, नाहीतर पंचतारांकित हॉटेलातली, अशीच सर्वसाधारण समजूत होती. ज्या गावांत तिचे द्राक्ष पिके, तेथे ती कोणी चाखलेलीही नसे.

२०. पुढचा टप्पा नाशिकचा. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या कौटुंबिक जमिनीवर १९९७ मध्ये वाइनची द्राक्षे लावली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या जातींनी नाशिकच्या हवेत चांगला जम बसवला. त्यानंतर दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत वाइनरी उभ्या राहू लागल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात ‘फ्रातेली’ आली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारात नोंदली गेली.

२१. हे घडले ते केवळ हौसेने नव्हे. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट, लघुउद्योगाचा दर्जा, सुटसुटीत परवाने आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क, अशा त्यातील तरतुदी होत्या. पुढे विक्रीकराचा बराचसा भाग उत्पादकांना परत देणारी योजनाही आली. आयात वाइनवर केंद्राचे १५० टक्के सीमाशुल्क होते, ते देशी वाइनला आडोसा देणारे ठरले. ज्या खात्याने झाडामागे कर लावला होता, त्याच खात्याने वेलीमागे कर सोडला.

२२. या उत्साहाची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. वाइनची द्राक्षे बारीक मण्यांची, जाड सालीची आणि बियांची असतात. ती फळबाजारात खपत नाहीत. वाइनरीने घेतली तरच त्यांना भाव. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ला यांनी हॉटेल व्यवसाय ढासळला, वाइनची मागणी पडली आणि टाक्या भरलेल्याच राहिल्या. अनेक वाइनरींनी करार असूनही माल उचलला नाही. शेतकऱ्यांनी वेली उपटल्या किंवा त्यांवर खाण्याच्या द्राक्षाची कलमे केली. ज्या कंपनीने नारायणगावला पहिले पाऊल टाकले होते, तीही या काळात कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली.

२३. तरीही वेल सावरली. तिच्यामागे धोरण होते, बँक होती, संघटना होती. ताडीच्या मागे यांपैकी काही नव्हते. वसई-विरारच्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, झाडे घटली, आणि चढणाऱ्याचा मुलगा लोकल गाडीने नोकरीला जाऊ लागला. झाडे कमी आणि गिऱ्हाईक कायम, अशा स्थितीत राज्यात अनेक ठिकाणी क्लोरल हायड्रेटसारखी रसायने मिसळलेली बनावट ताडी विकली जाऊ लागली आणि तिने बळीही घेतले. खऱ्या ताडीत अल्कोहोल सुमारे चार ते पाच टक्के, वाइनमध्ये बारा-तेरा. लोकांच्या मनात मात्र घातक कोणते आणि सौम्य कोणते, याचे चित्र उलटेच ठसले.

२४. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मोठे वादळ उठले. वाइन ही दारू नव्हे, ती शेतमालाची प्रक्रिया आहे, असे समर्थकांचे म्हणणे. मद्य घराघरांत शिरेल, ही विरोधकांची भीती. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अमलात आला नाही. दोन्ही बाजूंचे मुद्दे विचार करण्याजोगे होते. पण ‘शेतकऱ्याचे पेय’ म्हणून जो युक्तिवाद द्राक्षासाठी झाला, तो माडावर चढणाऱ्यासाठी विधिमंडळात इतक्या जोराने कधी ऐकू आला नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांचे दुःख खरे आहे; ते एकाच पेयाच्या माथी मारणे खरे नाही.

२५. अलीकडे काही गोष्टी हलू लागल्या आहेत. मोहफुले वेचण्यावर आणि साठवण्यावर असलेले जुने निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले. १८९२ पासून चालत आलेल्या संशयाला एवढा काळ लागला. वाइनची व्याख्याही द्राक्षापलीकडे गेली आहे. पालघर जिल्ह्यातच, डहाणूजवळ बोर्डी येथे, चिकूपासून वाइन करण्याचा प्रयोग झाला आणि ती बाजारात आली. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. पण चिकू झाडावरून उतरल्यावर फार दिवस टिकत नाही. नासणाऱ्या फळाला टिकाऊ रूप देण्याची ही युक्ती या किनाऱ्याला जुनीच आहे. आगाशीची सुकेळी हीच त्या युक्तीची गोड आवृत्ती.

२६. नाताळ जवळ आला की वसईच्या अनेक ख्रिस्ती घरांत काळी द्राक्षे, मनुका किंवा जांभळे बरणीत घालून घरची वाइन मुरवली जाते. द्राक्षे बहुधा घाटावरून आलेली असतात. उषवदाताच्या काळी माडांचे उत्पन्न समुद्रकाठी मिळे आणि त्याचा हिशेब डोंगरात राहात असे. आता द्राक्षे डोंगरापलीकडून उतरतात आणि समुद्रकाठी मुरतात. वाट तीच आहे, ओझे उलट दिशेने चालले आहे.

२७. कोणते पेय सभ्य आणि कोणते हीन, हे या दोन हजार वर्षांत जहाजांनी, वेदीने, कराने आणि कायद्याने ठरवले. हवा आणि माती यांनी फक्त कोणते झाड कुठे वाढेल एवढेच सांगितले. २००१ च्या धोरणाने दाखवून दिले की शासनाने मनावर घेतले, तर एका पिकाभोवती वीस वर्षांत उद्योग, पर्यटन आणि प्रतिष्ठा उभी राहू शकते. निर्मळच्या परिसरात उरलेल्या ताड-माडांसाठी नीरा, गूळ, शिर्का आणि शुद्ध ताडी यांचे असे धोरण आखता येणार नाही, असे काही नाही. पांडवलेण्यांतील तो लेख अजून वाचता येतो, आणि ३२,००० झाडे एकेकाळी राजघराण्याने द्यावे इतके मोलाचे दान होते, हे त्यात स्पष्ट कोरलेले आहे.